डायपरच्या आधी वेळ, वाट आणि नाडी

नाशिकमध्ये घरच्या पेशंटसाठी माणूस हवे असले की लोक ब्युरोला फोन लावतात आणि पगाराची बोलणी व्हायच्या आधी विचारतात, "मावशी डायपर बदलतात ना?" विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. दवाखान्यातून नुकताच डिस्चार्ज मिळालेला असतो, घरातली माणसे थकलेली असतात आणि सोबत आलेल्या पिशवीत मोठ्या मापाच्या डायपरचे पाकीट असतेच. पण मावशी दारात यायच्या आधीच ठरून जाते की हे आजोबा आता संडासापर्यंत जाणार नाहीत.

हा लेख आहे तो या मावशींसाठी आणि मामांसाठी. पेठ-सुरगाण्याकडून शहरात येऊन बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या मुलींसाठी, आणि बाहेरचे माणूस न ठेवता आईवडिलांचे स्वतःच करणाऱ्या मुला-सुनांसाठीही. महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात आहे. तरी हे काम बहुतेक जणी आधीच्या मावशीकडे बघूनच शिकतात. त्यात चांगले हातात बसते तसे वाईटही बसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाचे कपडे ओले झाले म्हणजे दर वेळी त्याचा ताबा सुटलेला असतो असे नाही. पुष्कळदा त्याला कळलेले असते, पण वेळेवर कोणी नेत नाही, वाट लांब किंवा अंधारी असते, नाहीतर नाडीची गाठ सुटत नाही. या तिन्ही गोष्टी सुधारता येतात. त्या सुधारून जे उरेल, त्याच्यासाठी डायपर. क्रम उलटा केला तर ज्याचा ताबा शाबूत होता त्याचाही जातो. "होऊ द्या त्यातच, डायपर आहे ना," हे रोज ऐकणारा माणूस सांगायचेच सोडून देतो. अर्धांगवायूच्या पेशंटच्या बाबतीत तर घाई अजिबात करू नये. सुरुवातीला गेलेला लघवीचा ताबा अनेकांना पुढच्या काही आठवड्यांत परत मिळतो, पण त्यासाठी त्यांना नेत राहावे लागते.

वेळ

नव्या घरी गेलात की पहिले तीन दिवस एका वहीत लिहा: पाणी-चहा किती वाजता घेतला, लघवी कधी झाली, संडास कधी, कपडे कोरडे की ओले. चौथ्या दिवशी वही चाळली की त्या माणसाचे घड्याळ दिसू लागते. कोणाला सकाळच्या चहानंतर लगेच, कोणाला औषधाच्या गोळीनंतर दोन तास सारखी. मग त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी तुम्हीच विचारायचे. काहीच अंदाज लागला नाही तर दिवसा दर दोन ते तीन तासांनी न्यावे. सांगण्याची वाट पाहिली की पेशंटला मागावे लागते, आणि उभे आयुष्य ज्याने कोणाकडे काही मागितले नाही त्याला हेच सर्वांत जड जाते.

संडाससाठी चहा-नाश्त्यानंतरचा अर्धा तास सोडू नका. पोटात काही गेले की आतडी हलतात, ही शरीराचीच रीत आहे. त्या वेळी दहा मिनिटे बसवा, पायाखाली सात-आठ इंचांचा पाट किंवा स्टूल द्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि उकिडवे बसल्यासारखी बैठक मिळते. कमोडवर पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या आजींना जोर लावता येत नाही, आणि आपण म्हणतो त्यांना बद्धकोष्ठता झाली आहे.

बद्धकोष्ठतेचे एक फसवे रूप ओळखायला शिका. चार-पाच दिवस घट्ट संडास नाही आणि मग अचानक पातळ, थोडे थोडे, कपड्यात झिरपत राहते. घरचे म्हणतात जुलाब लागले, मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी येते. प्रत्यक्षात आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ वाट काढत असतो. गोळीने तो आणखी अडकतो. अशा वेळी डॉक्टरांना फोन करायचा. बोट घालून काढणे किंवा एनिमा देणे हे मनाने करायचे काम नाही. एरवी भिजवलेले मनुके, पालेभाजी, ताक हे सगळे चालते; इसबगोलही चालते, पण भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर उलटच परिणाम होतो. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना यातले काय द्यायचे, हे आधी डॉक्टरांना विचारावे. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि जोरदार वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता वाढते, तेही त्यांच्या कानावर घाला.

आता पाणी. सारखे उठवावे लागू नये म्हणून पेशंटला पाणीच कमी द्यायचे, हा प्रकार चांगल्या शिकलेल्या घरांतही चालतो. कधीकधी पेशंट स्वतःच पीत नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, जळजळते, मूत्राशय आणखी चिडते आणि जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळते. शिवाय बद्धकोष्ठता आहेच. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी मोजून पाणी सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांना दिवसा पोटभर पाजा आणि संध्याकाळी सातनंतर चहा-पाणी बेताने द्या. पायांवर सूज असेल तर दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून झोपवा. पायात साचलेले पाणी दुपारीच लघवीवाटे निघून गेले की रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. लघवीची गोळी कोणत्या वेळी द्यायची तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

वाट

जुन्या नाशकातल्या वाड्यांत संडास मागच्या अंगणात किंवा जिन्याखाली. सिडकोतल्या जुन्या घरांत तो जेमतेम एक माणूस वळेल एवढा. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये कमोड असतो, पण बाथरूमचे दार सव्वादोन-अडीच फुटांचे, त्यातून चाकांची खुर्ची आत जात नाही. म्हणून घर बघायला गेलात की आधी खाटेपासून संडासापर्यंत स्वतः चालून बघा. मध्ये उंबरा आहे का, पायपुसणे सरकते का, दिव्याचे बटण कुठे आहे, ओल्या फरशीवर पाय ठरतो का. म्हाताऱ्या माणसांचे खुब्याचे हाड मोडते त्यातली पुष्कळ पडझड याच वाटेवर, घाईत आणि रात्री होते.

आतली कडी काढून टाकू नका. कडी ही त्या माणसाची शेवटची खाजगी मालमत्ता असते. बाहेरूनही उघडता येईल अशी कडी सुताराकडून बसवून घ्या, आणि शक्य असेल तर दार बाहेर उघडेल असे करा. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारे असले तर ते ढकलायचे कसे? कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटीमीटर असली की उठताना गुडघ्यांवर ताण कमी येतो. चांगल्या हाताच्या बाजूला भिंतीत पक्का दांडा हवा. टॉवेल अडकवायची सळई त्या कामाची नाही, ती हातात येते.

भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि गुडघे वाकत नसतील तर मध्ये भोक असलेले स्टूल त्यावर ठेवता येते. चारही पायांना रबर आहे ना आणि स्टूल डगमगत नाही ना, हे आधी स्वतः बसून बघा. रात्रीपुरती खाटेशेजारी कमोड खुर्ची ठेवली तर वाटच संपते. मात्र ती दिवसभर पेशंटच्या डोळ्यांसमोर, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवू नये. पडदा लावा, झाकण लावा, काम झाले की लगेच रिकामी करून धुवा.

या खुर्चीसाठी मदतही मिळू शकते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेली असतील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर साहित्य घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये बँकखात्यात जमा करण्याची त्यात तरतूद आहे, आणि साहित्याच्या यादीत चष्मा, वॉकर यांच्याबरोबर कमोड खुर्चीही आहे. अर्ज घेणे सुरू आहे का ते नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याण कार्यालयात विचारावे.

विसरभोळेपणाच्या आजारात वाट डोळ्यांना दिसावी लागते. दार किलकिले ठेवा, आत रात्रभर मंद दिवा ठेवा. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड त्यांना वेगळा ओळखू येत नाही. बैठक गडद रंगाची बसवली की फरक पडतो. असा पेशंट तोंडाने सांगत नाही, पण अंग सांगते. सारखी चुळबुळ, कपडे ओढणे, उठून कोपऱ्याकडे जाणे. पंचवटीतल्या एखाद्या भिक्षुकी केलेल्या आजोबांचा हात जानव्याकडे आणि मग कानाकडे जाऊ लागला, तर घड्याळ बघत बसू नका, त्यांना उठवा. नातवाचे नाव विसरलेल्या माणसालाही ही सवय राहते. उजवी बाजू गेलेल्या अर्धांगवायूत पुष्कळदा बोलणेही जाते. तिथे एक खूण ठरवून घ्या, हाताशी छोटी घंटी द्या आणि ती वाजली की हातातले काम टाकून जा. दोनदा घंटी वाजवूनही कोणी आले नाही तर तिसऱ्यांदा ती वाजत नाही.

नाडी

कपड्यांचा विचार कोणी करत नाही, आणि निम्मे अपघात तिथेच होतात असे मला वाटते. लेंग्याची नाडी घाईत ओढली की तिची निरगाठ बसते. थरथरणाऱ्या बोटांना ती सुटत नाही आणि दोन पावलांवर संडास असून लेंगा भिजतो. नाडी काढून इलॅस्टिक घाला. लुंगीची सवय असेल तर तिच्यासारखे सोयीचे काही नाही.

आजींचा प्रश्न जास्त नाजूक. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला गाऊन घातला की आपल्याला सोय होते, पण तिला उघडे पडल्यासारखे वाटते. दिवाणखान्यात पाहुणे आले की ती पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेते, ते थंडीमुळे नव्हे. चालतीबोलती असेल तर कासोटा नसलेले, गुंडाळून खोचायचे अर्धे लुगडे करून द्यावे. खाटेवर असेल तर पुढून उघडणारा, पट्टी लावून बंद होणारा परकर, सैल पोलके आणि वरून ओढणीसारखा पदर. हे सगळे गल्लीतला शिंपी एका दुपारी शिवून देतो. काय घालायचे ते मात्र आजींनी ठरवावे, सुनेने आणि मावशीने आपसात नव्हे.

हात लावण्याआधी

आधी विचारा, मग हात लावा. "आजी, आपण जरा जाऊन येऊ या का?" एवढे वाक्य, जवळ जाऊन, हळू आवाजात. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून "शी झाली का हो?" ही आरोळी शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाते. आजी-बाबा म्हणा, काका-काकू म्हणा, घरात चालते ते नाव धरा. पण ज्यांना अख्खे घर अहो-जाहो करते त्यांना संडासात नेताना अरे-तुरे करू नका. आणि नाक मुरडू नका. वास येतोच, त्यात लपवण्यासारखे काही नाही. म्हणून मास्क दर वेळी, आत जायच्या आधीच लावा. मग तो घाणीला दिलेली प्रतिक्रिया वाटत नाही. खिडकी उघडा, पंखा लावा. कपड्यात झालेच तर पहिले काम पांघरूण घालण्याचे, दुसरे पुसण्याचे. "होतं असं, दोन मिनिटांत आवरू," म्हणा आणि दुसरा विषय काढा. भाजीचे भाव, गंगापूर धरणात पाणी किती, काहीही.

कोणी करायचे हा प्रश्नही आधी सोडवावा. सासऱ्यांचे सुनेने, आईचे मुलाने करायची वेळ पुष्कळ घरांत येते आणि दोघेही जीव मुठीत धरून ते पार पाडतात. शक्य तिथे पुरुषाला मामा, बाईला मावशी. दिवसभर परवडत नसेल तर निदान सकाळच्या दोन तासांसाठी. तेही जमत नसेल तर पेशंट जेवढे स्वतः करू शकतो तेवढे त्याच्यावर सोडा. खांद्यावरून टॉवेल टाका, कमरेवर चादर राहू द्या, त्याच्या हातात पाण्याचा मग द्या आणि तुम्ही पाठ करून उभे राहा. पडण्याची भीती असेल तर दाराच्या आत उभे राहा, पण बघत उभे राहू नका. जेवढे अंग धुवायचे तेवढेच उघडे, बाकी झाकलेले.

उचलताना काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. लुळ्या बाजूचा तर फार लवकर. पेशंटला तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका, तुमची मान जाईल. खुर्ची चांगल्या बाजूला लावा, कमरेला रुंद कापडी पट्टा बांधून तो धरा, तुमचा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्यासमोर टेकवा आणि तीन म्हणताच दोघे मिळून उठा.

पाणी आणि हात

धुण्याचे शास्त्र साधे आहे. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ कापड आणि टिपून कोरडे करणे. नाशिकची थंडी विसरू नका. निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा पहाटेचे नळाचे पाणी अंगावर पडले की म्हातारे माणूस पुढच्या वेळी जायलाच नको म्हणते. पाण्यात डेटॉल, सॅव्हलॉन घालू नये, त्याने कातडी सोलवटते. टाल्कम पावडर ओलाव्यात गोळा होऊन घासते, तीही नको. वारंवार ओले होणाऱ्या जागी झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावा. बायकांना नेहमी पुढून मागे धुवावे. मागचा मळ पुढे आला की लघवीच्या मार्गाला संसर्ग होतो. पुरुषांची पुढची त्वचा सहज मागे सरत असेल तर हलक्या हाताने सारून धुवा आणि आठवणीने परत पुढे आणा. ती तशीच मागे राहिली तर सूज येऊन रात्रीत दवाखाना गाठावा लागतो. लाजेमुळे ही गोष्ट कोणी शिकवत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिली.

डावी बाजू गेलेल्या पेशंटची एक अडचण मात्र ना डॉक्टर विचारतात ना घरचे. त्याचा धुण्याचा हात गेलेला असतो. उरलेला उजवा हात जेवणाचा, पूजेचा, नमस्काराचा. सत्तर वर्षे जो हात तिकडे नेला नाही तो आता न्यायचा, या विचारानेच काही माणसे जेवण कमी करतात, संडास दाबून ठेवतात, आणि विचारले तर "भूक नाही" म्हणतात. तुम्ही विषय काढल्याशिवाय ते बोलणार नाहीत. पाण्याचा जेट कमोडच्या उजव्या बाजूला, हाताला येईल असा बसवा. जेटने बहुतेक काम हात न लावताच होते. तेवढ्याने भागत नसेल तर उजव्या हातात हातमोजा घालून त्यांनी धुवायचे आणि मग साबणाने हात धुवायचे. किंवा पाणी तुम्ही ओतायचे. काहींना हे काहीच नको असते आणि तुम्हीच धुतलेले बरे वाटते. तिन्ही मार्ग सांगा आणि निवड त्यांच्यावर सोडा.

बाहेर आल्यावर त्यांचेही हात धुवा, नुसते आपले नव्हे. ज्यांना हातपाय धुतल्याशिवाय देवापुढे बसता येत नाही त्यांचे पायही. जुन्या नाशकातल्या मुस्लिम घरी काम करत असाल तर कपड्याला लागलेला लघवीचा थेंबही नमाजाच्या आड येतो हे ध्यानात ठेवून, वजू करण्याआधी धुऊन कोरडा पायजमा द्यावा. तुमचे हात साबणाने ४० ते ६० सेकंद, हातमोजे घातले होते तरीसुद्धा. घाणीचे हातमोजे घालून दाराची मूठ, पाण्याचा तांब्या, औषधाची डबी यांना हात लावू नका. महापालिकेने शनिवारी पाणी येणार नाही असे जाहीर केले असेल, तर शुक्रवारी रात्री पेशंटच्या नावाच्या दोन बादल्या वेगळ्या भरून ठेवा.

खाटेवरच करावे लागले तर

पॉट देताना दार लोटा आणि खोलीतल्या माणसांना बाहेर पाठवा, नातवंडांनाही. पॉटची कड कोमट पाण्याने ओली करून घ्या. पेशंटला चांगल्या कुशीवर वळवा, पॉट लावा, पुन्हा उताणे करा आणि डॉक्टरांची मनाई नसेल तर पाठीमागे उशा देऊन बसते करा, कारण आडवे पडून कोणालाच नीट होत नाही. दहा मिनिटांहून जास्त पॉटवर ठेवू नका, माकडहाडावर दाब येतो. काढताना पॉट एका हाताने दाबून धरा आणि मग कुशीवर वळवा.

डायपर लावलाच तर दर दोन-तीन तासांनी बघायचा आणि संडास झाली की त्याच क्षणी बदलायचा; "पूर्ण भरू दे, महाग आहे," हा हिशेब शेवटी बेडसोरच्या ड्रेसिंगवर जातो. बघताना कुशीही बदला. माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा न होणारा लाल डाग ही बेडसोरची सुरुवात. त्यावर चोळू नका, दाब काढा आणि सांगा. दिवसातून थोडा वेळ डायपर काढून नुसत्या अंडरपॅडवर ठेवा.

कॅथेटर असेल तर पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. नळी पायाखाली दुमडलेली नाही ना ते बघा. पिशवी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा. नळी आणि पिशवीचा जोड सोडू नका. पाहुणे यायचे असतील तर पिशवीवर कापडी थैली घाला. पिवळी पिशवी सगळ्यांसमोर लटकत असताना माणसाला गप्पा सुचत नाहीत.

लगेच कळवायच्या गोष्टी अशा: सहा-आठ तासांत लघवी नाही आणि ओटीपोट फुगून दुखते आहे, किंवा कॅथेटरच्या नळीतून काहीच येईनासे झाले आहे, लघवीत किंवा संडासात रक्त, डांबरासारखी काळी संडास (लोहाच्या गोळीनेही काळी होते, ते डॉक्टर ठरवतील), थंडी वाजून ताप, आणि कालपर्यंत नीट बोलणारे माणूस आज एकाएकी असंबद्ध बोलू लागले किंवा सारखे झोपू लागले. वय झाल्याचे ते लक्षण नव्हे. म्हातारपणी लघवीचा संसर्ग कधीकधी तापाऐवजी असाच प्रकट होतो.

वापरलेले डायपर कागदात घट्ट गुंडाळून, खूण करून, घंटागाडीत वेगळे द्यायचे. घनकचऱ्याच्या नियमांनी ही जबाबदारी घरावरच टाकली आहे. संडास आधी कमोडमध्ये झटकून टाका. घंटागाडीवरचे कामगारही माणसेच आहेत, आणि आपल्याकडे या घाणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले ते नाशिककरांना सांगायला नको.

यावरून घरच्या लोकांना एक सांगायचे आहे. बारा तासांसाठी मावशी ठेवता, तुमच्या आईची संडास तिने हाताने काढावी अशी अपेक्षा धरता, आणि तिने मात्र तुमचा संडास वापरायचा नाही, खाली वॉचमनच्या संडासात जायचे, हे कसे चालेल? अशी घरे आहेत. मग ती बाई पाणी पीत नाही आणि तिलाच लघवीचा त्रास सुरू होतो. कामाला येईल त्याच दिवशी तिला सांगा की हे बाथरूम तुमचेही. हातमोजे, मास्क, साबण हा खर्च घराचा. कावीळ ब ची लस तिने घेतली नसेल तर घेऊ द्या. मावशींनीही हे बोलून घ्यावे; संकोच वाटत असेल तर ब्युरोमार्फत.

पेशंट थोडा सावरला की त्याला बाहेर न्या. संडासच्या भीतीने वर्ष-वर्ष घराबाहेर न पडलेली माणसे या शहरात आहेत. निघण्याआधी एकदा नेऊन आणा, पिशवीत जादा लेंगा, अंडरपॅड, पाण्याची बाटली, प्लास्टिकची पिशवी आणि पुरुषांसाठी युरिन पॉट ठेवा. २०२७ च्या सिंहस्थात आजोबांना रामकुंडावर जायची इच्छा असेल तर पर्वणीचा दिवस टाळून, गर्दी नसेल त्या सकाळी न्या.

पाळी बदलताना दुसऱ्या मावशीला जे सांगायचे ते दाराबाहेर सांगा, पेशंटच्या अंगावरून नव्हे. "आज दोनदा झाली, घाण वास होता," हे त्याला ऐकू येते, डोळे मिटलेले असले तरी. बाकीचे वहीत लिहा: वेळ, रंग, किती, कातडी कशी. आणि वही पेशंटच्या उशाशी न ठेवता स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवा. भेटायला आलेले लोक ती चाळतात.